संख्याशास्त्राचा दुसरा कोर्स

उपयोजित संख्याशास्त्राचा पहिला कोर्स अनेकांना करावाच लागतो. दुसरा मात्र फार थोड्यांना सक्तीचा असतो. मानसशास्त्र, जीवशास्त्र, अर्थशास्त्र, व्यवस्थापन अशा वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी सरासरी आणि प्रमाण विचलनापासून सुरुवात करतात, टी-टेस्ट, काय-स्क्वेअर या चाचण्या आणि एका चलाच्या रिग्रेशनपर्यंत, म्हणजे एका मोजमापावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणाऱ्या रेषेपर्यंत, पोहोचतात, परीक्षा देतात आणि या विषयाचा निरोप घेतात. माझेही तसेच झाले होते. पुढे कामानिमित्त इतरांनी केलेली विश्लेषणे वाचण्याची वेळ वारंवार येऊ लागली. त्यांतली आकडेमोड कळत होती, पण हीच आकडेमोड का निवडली आणि दुसरी का नाही, हे कळायला काहीच आधार नव्हता, म्हणून मी दुसऱ्या कोर्सला प्रवेश घेतला. तो पूर्ण झाल्यावर माझे मत ठाम झाले आहे की पहिल्या कोर्सनंतर थांबणे म्हणजे या विषयाच्या उंबरठ्यावरून परत फिरणे आहे. पहिल्या कोर्समध्ये प्रश्न आणि पद्धत दोन्ही ठरवून दिलेली असतात आणि विद्यार्थ्याने उत्तर काढायचे असते. दुसऱ्यात उत्तर कॉम्प्युटर काढतो. प्रश्न नेमका कोणता होता, हे ठरवण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर येते.

अभ्यासक्रमाची यादी तशी लहानच असते. एकाहून अधिक चलांचे रिग्रेशन, अनेक गटांच्या तुलनेसाठी ॲनोव्हा, हो-नाही स्वरूपाच्या निष्पत्तीसाठी लॉजिस्टिक रिग्रेशन, मॉडेलची तपासणी आणि वेळ उरल्यास बूटस्ट्रॅपसारख्या संगणकाधारित पद्धतींची ओळख, एवढाच तिचा पसारा. पुस्तकाच्या शेवटी असलेले टी आणि झेडचे तक्ते, ज्यांच्यात बोट फिरवत पहिल्या कोर्सचे सत्र गेले होते, ते इथे कुणी उघडतही नाही.

या कोर्सने नेमके काय दिले, ते सांगण्यासाठी मी एकच उदाहरण जरा सविस्तर घेते. ‘आर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘एमटीकार्स’ नावाचा एक छोटा डेटा आधीपासूनच भरलेला असतो. १९७४ साली ‘मोटर ट्रेंड’ या अमेरिकन मासिकात आलेली ३२ गाड्यांची माहिती त्यात आहे: मायलेज, वजन, अश्वशक्ती, सिलिंडरची संख्या, गिअर मॅन्युअल की ऑटोमॅटिक, असे एकूण ११ रकाने. जगभरातल्या वर्गांमध्ये हा डेटा इतक्या वेळा वापरला गेला आहे की काही शिक्षकांना त्याचा कंटाळा आला आहे. मला मात्र तो फार गुणी वाटतो, कारण या ३२ ओळींमध्ये संपूर्ण दुसरा कोर्स सामावलेला आहे.

प्रश्न साधा आहे: मॅन्युअल गिअरच्या गाड्या ऑटोमॅटिक गाड्यांपेक्षा जास्त मायलेज देतात का? पहिला कोर्स केलेला माणूस दोन सरासऱ्या काढतो. १९ ऑटोमॅटिक गाड्यांची सरासरी गॅलनला १७.१५ मैल येते आणि १३ मॅन्युअल गाड्यांची २४.३९ मैल. फरक ७.२४ मैलांचा आहे, पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.००१ हूनही कमी आहे आणि उत्तर ‘हो’ असे आहे. या उत्तरात गणिताची कोणतीही चूक नाही.

आता मॉडेलमध्ये, म्हणजे मायलेजचा अंदाज बांधणाऱ्या समीकरणात, गाडीचे वजन घातले की तोच ७.२४ चा आकडा उणे ०.०२ होतो. फरक नुसता घटत नाही, तो नाहीसा होतो, पी-व्हॅल्यू ०.९९ च्या आसपास जाते. कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. या यादीतल्या ऑटोमॅटिक गाड्यांचे सरासरी वजन सुमारे ३,७७० पौंड आहे आणि मॅन्युअल गाड्यांचे सुमारे २,४१० पौंड, म्हणजे गिअरच्या नावाखाली आपण मुख्यतः जड आणि हलक्या गाड्यांची तुलना करत होतो. इथे थांबले तर गोष्ट छान जुळते: आधी फसवे उत्तर, मग खरे उत्तर. अनेक लोकप्रिय लेख इथेच थांबतात. आमच्या प्राध्यापकांनी मात्र आम्हाला तिसरा चल घालायला सांगितला. उभ्या गाडीला पाव मैल अंतर कापायला किती सेकंद लागतात, हा तो चल. तो घातल्यावर गिअरचा सहगुणक, म्हणजे मॉडेलने गिअरपोटी धरलेला मायलेजमधला फरक, २.९४ झाला आणि पी-व्हॅल्यू ०.०४७, म्हणजे ज्याखालचा निकाल लक्षणीय मानण्याचा प्रघात आहे त्या ०.०५ च्या प्रसिद्ध रेषेच्या किंचित अलीकडे.

एकाच डेटावर, एकाच प्रश्नाला, तीन उत्तरे आली: सव्वासात, शून्य आणि जवळजवळ तीन. खरे कोणते, असा प्रश्न वर्गात साहजिकच विचारला गेला. त्यावर जी चर्चा झाली, ती मला संपूर्ण सत्रातला सर्वांत मोलाचा तास वाटते. तिन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. यादीतली कुठलीही मॅन्युअल गाडी आणि कुठलीही ऑटोमॅटिक गाडी उचलली तर सरासरी किती फरक दिसेल, याचे उत्तर पहिला आकडा देतो. वजन सारखेच असलेल्या दोन गाड्यांत किती फरक दिसेल, हे दुसरा सांगतो. वजनही सारखे आणि वेग घेण्याची क्षमताही सारखी असेल तर किती, हे तिसरा सांगतो. गाडी विकत घेणाऱ्याला, गाडी बनवणाऱ्याला आणि इंधनाचे धोरण ठरवणाऱ्याला यांपैकी वेगवेगळा प्रश्न पडू शकतो, आणि कोणाला कोणता पडला आहे, हे कॉम्प्युटरला कधीच कळणार नाही.

शिवाय ‘बाकी सर्व गोष्टी सारख्या ठेवल्या तर’ हा शब्दप्रयोग रिग्रेशनच्या प्रत्येक अहवालात इतक्या सहजपणे येतो की तिथे कुणीतरी खरोखरच काही सारखे ठेवले आहे, असे वाटू लागते. प्रत्यक्षात कुणी काहीही ठेवलेले नसते. या यादीत ३,००० पौंडांहून जड अशा मॅन्युअल गाड्या फक्त २ आहेत आणि त्याहून हलकी ऑटोमॅटिक गाडी फक्त १ आहे. म्हणजे सारख्या वजनाची तुलना करायला हाताशी असलेल्या गाड्या मोजक्याच आहेत. उरलेल्या ठिकाणी मॉडेल सरळ रेषा लांबवून कल्पनेतल्या गाड्यांची तुलना करते. सहगुणकाच्या शेजारी छापलेल्या दशांश चिन्हापुढच्या आकड्यांत हे कुठेच दिसत नाही. ते दिसण्यासाठी वजन आणि गिअर यांचा साधा आलेख काढावा लागतो, आणि तो काढण्याची सवय लावणे हे या कोर्सचे अर्धे काम असते.

तिसऱ्या मॉडेलच्या त्या ०.०४७ बद्दलही बोलले पाहिजे. मायलेज सोडून उरलेल्या १० चलांपैकी कोणते घ्यायचे आणि कोणते वगळायचे, याच्या १,०२४ निवडी होतात. वजन, पाव मैलाचा वेळ आणि गिअर ही त्रयी बहुतेकदा कॉम्प्युटरला या निवडी पायरीपायरीने चाचपडायला लावून मिळालेली असते. एवढ्या शोधानंतर हाती आलेल्या मॉडेलची पी-व्हॅल्यू जेव्हा छापली जाते, तेव्हा ती जणू हेच मॉडेल आधीपासून ठरलेले होते अशा थाटात छापली जाते. २० स्वतंत्र चाचण्या केल्या आणि प्रत्यक्षात कुठेही काही घडत नसले, तरी त्यांपैकी निदान एखादी ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता ६४ टक्के असते. हे गणित पहिला कोर्स झालेला कोणीही कागदावर करू शकतो, पण ते करण्याची गरज तिथे पडत नाही, कारण तिथे प्रत्येक प्रश्नात एकच चाचणी असते. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली पी-व्हॅल्यूच्या वापराबद्दल जाहीर निवेदन काढले, त्यात हा मुद्दा स्पष्टपणे मांडलेला आहे: किती चाचण्या केल्या आणि कोणत्या निवडून दाखवल्या, हे सांगितल्याशिवाय पी-व्हॅल्यूचा अर्थ लावता येत नाही.

एखादा चल मॉडेलमध्ये घालणे नेहमीच शहाणपणाचे असते, असा समज या टप्प्यावर होऊ शकतो. तो दूर करण्यासाठी अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या १९७३ सालच्या प्रवेशांचे उदाहरण घेतले जाते आणि ते योग्यच आहे. ‘आर’मध्ये त्या विद्यापीठाच्या ६ सर्वांत मोठ्या विभागांची आकडेवारी आहे. एकत्र पाहिले तर पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४५ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्क्यांना प्रवेश मिळाला. विभागवार पाहिले तर हा फरक जवळजवळ विरून जातो. पहिल्या विभागात तर ८२ टक्के स्त्रिया आणि ६२ टक्के पुरुष स्वीकारले गेले. ज्या विभागांत प्रवेश मिळणे एकंदरीत अवघड होते, तिथे स्त्रियांचे अर्ज तुलनेने अधिक होते. १९७५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात या आकडेवारीचे विश्लेषण प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून ते शिकवले जाते. परंतु विभाग हा चल घातल्याने प्रवेश समित्यांच्या वागण्याविषयीचा प्रश्न सुटतो; स्त्रिया त्या विभागांकडे का वळल्या, हा प्रश्न मात्र त्याच कृतीने मॉडेलच्या बाहेर ढकलला जातो. दुसरा प्रश्न विचारणाऱ्याने हे विश्लेषण दाखवून समाधान मानू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

हा सगळा गुंता ज्या एका युक्तीने सुटतो, तिचे महत्त्व मला इथे आल्यावर पहिल्यांदा नीट उमगले. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ साली इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रुजू झाले. खतांच्या प्रयोगांत जमिनीचा कस, ओल, उतार असे असंख्य चल असतात आणि त्यांतले निम्मे मोजताही येत नाहीत. कोणत्या वाफ्याला कोणते खत मिळणार, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, हा त्यांनी आग्रहाने मांडलेला मार्ग होता. तसे केले की मोजलेले आणि न मोजलेले असे सर्वच चल गटांमध्ये योगायोगाने वाटले जातात, आणि उरलेला योगायोग किती मोठा असू शकतो हे गणिताने सांगता येते. पहिल्या कोर्समध्ये ‘यादृच्छिक वाटप’ ही पाठ करण्याची एक व्याख्या होती. गिअरचा सहगुणक दोनदा बदलताना पाहिल्यानंतर ती व्याख्या राहिली नाही. ३२ गाड्यांच्या यादीत जे मिळू शकत नाही, ते मिळवण्याचा तो सर्वांत भरवशाचा मार्ग असल्याचे दिसले. ॲनोव्हा फिशर यांनी ज्या कामासाठी घडवले, ते काम समोर असेल तर त्याचे कोष्टक आपोआप समजते. ते नसेल तर त्यातल्या वर्गांच्या (स्क्वेअर्सच्या) बेरजा निव्वळ पाठ कराव्या लागतात.

मॉडेलची तपासणी हा भाग पाठ्यपुस्तकांत बहुधा प्रकरणाच्या शेवटी येतो आणि घाईत उरकला जातो, याचे मला वाईट वाटते. पुन्हा त्याच गाड्या घेऊ. मायलेज आणि वजन यांचा सहसंबंध उणे ०.८७ आहे, दर हजार पौंडांमागे मायलेज ५.३ मैलांनी घटते आणि मायलेजमधल्या तफावतीपैकी ७५ टक्के भाग एकट्या वजनाने समजावला जातो. पहिल्या कोर्सच्या मापाने हा उत्तम निकाल आहे. आता प्रत्येक गाडीचे खरे मायलेज आणि रेषेने सांगितलेले मायलेज यांतला फरक, ज्याला रेसिड्युअल म्हणतात, तो आलेखावर मांडायचा. सर्वांत जड अशा तिन्ही गाड्या रेषेच्या वर निघतात. त्यांतल्या क्रायस्लर इम्पीरियलसाठी रेषा ८.७ मैल सांगते आणि गाडी १४.७ देते. हलक्या गाड्यांपैकी फियाट १२८ आणि टोयोटा कोरोला रेषेपेक्षा सहा मैलांहून अधिक वर आहेत. मधल्या वजनाच्या बऱ्याचशा गाड्या रेषेखाली आहेत. म्हणजे दोन्ही टोके उचललेली आणि मध्य दबलेला, असा वाक त्या ठिपक्यांत उघड दिसतो, आणि तो सांगतो की इथे सरळ रेषा मुळात चालत नाही. हीच रेषा पुढे नेली तर सुमारे ७,००० पौंडांच्या गाडीचे मायलेज शून्य येते आणि त्याहून जड गाडीचे उणे, ज्याला काहीही अर्थ नाही. गॅलनमागे मैल मोजण्याऐवजी शंभर मैलांमागे गॅलन मोजले, की वाक बराचसा निघून जातो, आणि ते भौतिकदृष्ट्याही पटण्यासारखे आहे, कारण जड वस्तू तेवढेच अंतर हलवायला अधिक ऊर्जा लागते.

संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस ॲन्सकोम्ब यांनी १९७३ साली मुद्दाम रचलेले चार छोटे डेटासंच याच कारणासाठी प्रसिद्ध आहेत. प्रत्येकात ११ बिंदू, चारही ठिकाणी सहसंबंध ०.८१६ आणि चारही ठिकाणी रेषा तीच. आलेख मात्र एकमेकांशी कसलेही साम्य नसलेले. पहिल्या कोर्समध्ये हे चित्र एक गंमत म्हणून दाखवले जाते. दुसऱ्यात त्याचे रूपांतर शिस्तीत होते: आलेख पाहिल्याशिवाय सहगुणक वाचायचा नाही.

लॉजिस्टिक रिग्रेशन शिकताना आम्ही चॅलेंजर या अमेरिकन अवकाशयानाचा डेटा घेतला. त्या आठवड्याचे वातावरण इतर आठवड्यांपेक्षा वेगळे होते, कारण या आकड्यांच्या दुसऱ्या टोकाला सात माणसांचे प्राण होते. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी ते यान नष्ट झाले. इंधनाच्या बूस्टरमधल्या सांध्यांना असलेली रबरी ओ-रिंग थंडीत पुरेशी लवचिक राहत नाही, अशी शंका अभियंत्यांना आदल्या रात्रीच आली होती आणि त्यांनी ती बोलूनही दाखवली होती. प्रश्न असा होता की आधीच्या उड्डाणांचे आकडे ही शंका खरी ठरवतात का. चर्चेत पुढे आली ती ज्या ७ उड्डाणांत ओ-रिंगला इजा झाली होती त्यांची तापमाने. ती ५३ अंश फॅरेनहाइटपासून ७५ अंशांपर्यंत पसरलेली होती, आणि त्यांच्याकडे पाहून तापमानाचा काही संबंध असेल असे ठामपणे म्हणता येत नव्हते. ज्या १६ उड्डाणांत काहीच बिघडले नव्हते, ती त्या चित्रात नव्हती. ती घातली की चित्र पालटते: इजा न झालेली सर्व उड्डाणे ६६ अंश किंवा त्याहून अधिक तापमानाची होती, आणि ६५ अंशांखालच्या चारही उड्डाणांत इजा झाली होती.

तो दुसरा आलेख मी स्वतः काढला तेव्हा त्याला काही मिनिटे लागली, आणि त्यानंतर मी बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले, कारण त्यात कुठलीही प्रगत पद्धत नव्हती. लॉजिस्टिक मॉडेल बसवले की तापमान एक अंशाने उतरले तर इजा होण्याचे ऑड्स (होण्याच्या आणि न होण्याच्या शक्यतांचे गुणोत्तर) सुमारे २६ टक्क्यांनी वाढतात असे दिसते, आणि त्या सकाळच्या ३१ अंशांना हे मॉडेल ०.९९ हून अधिक संभाव्यता सांगते. पण इथेही कोर्स थांबू देत नाही. सर्वांत थंड उड्डाण ५३ अंशांचे होते. ३१ पर्यंतचे २२ अंशांचे अंतर अनुभवाच्या बाहेरचे आहे, आणि तिथे मॉडेल जे सांगते तो मोजलेला पुरावा नाही, रेषा लांबवून केलेला अंदाज आहे. आणि खरे तर ‘इतक्या थंडीचा आपल्याला काहीच अनुभव नाही’ हे विधानच उड्डाण पुढे ढकलायला पुरेसे होते. त्या आठवड्यापासून कोणत्याही आकडेवारीच्या तक्त्यात मी प्रथम न आलेल्या ओळी शोधते: कोण मोजले गेले नाही, कोण गळले, कोणत्या अटीमुळे बाहेर राहिले.

या कोर्सला कोणी जावे, असे मला विचारले जाते. ज्यांना स्वतः संशोधन करायचे आहे त्यांनी जावेच, पण जे फक्त अहवाल वाचतात आणि त्यांच्यावरून निर्णय घेतात त्यांना त्याची गरज अधिक आहे, असे माझे मत आहे. गणिताची भीती असलेल्यांनीही जावे, कारण पहिल्या कोर्सपेक्षा इथे हाताने करायची गणिते कमी आणि लिहायची वाक्ये जास्त असतात. आमचे निम्मे गुण अहवालाला होते, आणि सर्वाधिक गुण कापले जात ते ‘परिणाम होतो’ या दोन शब्दांवर. निरीक्षणातून आलेल्या आकड्यांबद्दल ‘वजन वाढल्याने मायलेज घटते’ असे लिहिलेले चालत नसे. ‘अधिक वजनाच्या गाड्यांचे मायलेज सरासरीने कमी आढळते’ असे लिहावे लागे, आणि त्यापुढे किती, कितपत अनिश्चिततेसह आणि कोणत्या गाड्यांबद्दल, हेही. गिअरच्या तिसऱ्या मॉडेलबद्दल लिहिताना २.९४ हा आकडा एकटा देणे चुकीचे मानले जाई, कारण त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खऱ्या आकड्याच्या अंदाजाचा पल्ला, ०.०५ पासून ५.८३ पर्यंत जातो. म्हणजे फरक जवळजवळ नगण्यही असू शकतो किंवा भरघोसही, आणि या ३२ गाड्या त्याहून अधिक काही सांगत नाहीत.

शेवटच्या तासाला प्राध्यापकांनी तीच यादी पुन्हा पडद्यावर लावली आणि गाड्यांची नावे वाचायला सांगितली. ३२ पैकी ७ गाड्या मर्सिडीजच्या आहेत. त्यांतल्या दोन, २८० आणि २८०सी, यांचे वजन आणि अश्वशक्ती तंतोतंत सारखी आहे. प्रत्येक निरीक्षण दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे, हे गृहीतक आम्ही सत्रभर प्रत्येक मॉडेलखाली मान्य करत आलो होतो, आणि एकाच कारखान्यातून, एकाच आराखड्यावरून आलेल्या गाड्या स्वतंत्र कशा मानायच्या? एकाच शाळेतली मुले, एकाच रुग्णाची वारंवार केलेली मोजमापे, एकाच वाफ्यातली रोपे, यांच्या बाबतीतही हाच प्रश्न येतो. त्यासाठी लागणारी मिश्र परिणामांची मॉडेल्स या कोर्समध्ये नाहीत. ती पुढच्या सत्रातल्या कोर्समध्ये आहेत, आणि मी त्याला प्रवेश घेतला आहे.